मुका मार

सावखेड्याच्या रुपचंद पाटलाला राग आलेला कोणी पाहिला नव्हता. पारोळ्याहून बोरी नदीच्या कडेनं दोन कोस चाललं की हे गाव लागे. तिथं रुपचंदची आई सुंदरबाई आणि थोरला भाऊ छगन दोघंही एक नंबरचे तापट. त्यांची जुंपली की रुपचंद मधोमध बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राही. थोड्या वेळानं दोघांपुढे दाण्यांची एकेक ओंजळ ठेवी आणि भांडण तिथंच संपे. बैल अडला तर चाबूक न उगारता तो बैलाच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटे. काय सांगे ते बैलालाच माहीत.

झुंबर लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर तिला वाटलं, आपला नवरा जरा मंदच आहे. दुसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं, की मंद नाही, शांत आहे. हा फरक कळल्यापासून तिला तो फार आवडायला लागला. पुढं कमल झाली. पोरगी रांगायला लागली तशी ती बापाच्याच मागं मागं असे.

सन एकोणीसशे सव्वीसच्या पौषात रुपचंद गव्हाला पाणी द्यायला मोट हाकत होता. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की मोटकऱ्यानं मोटेच्या दोरावर, नाड्यावर, बसायचं, म्हणजे त्याच्या वजनानं बैलांना जरा हलकं जातं. तो रोज बसे तसाच बसला. भरलेली मोट विहिरीतून वर येत होती आणि नाडा मधेच तुटला. बैल धडपडत पुढं गेले, मोट खाली कोसळली आणि रुपचंद उलटा फेकला जाऊन डोक्याच्या मागच्या बाजूनं धावेच्या दगडावर आपटला.

बाजेवर घालून त्याला घरी आणलं. दिवसभर तो शुद्धीवर नव्हता. दिवेलागणीला डोळे उघडले, पाणी मागितलं आणि "बैल कोठे शेतस?" असं विचारलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. हळद भरून, फडकं बांधून तीन आठवड्यांत खोक भरून आली. खपली पडली, केस उगवले. सुंदरबाईनं गावदेवीला नारळ फोडला. "मना आंडोर मरणना दारमाईन परत उना," असं ती पोराबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली.

आला खरा. पण कोण आला, हे झुंबरला कळेना.

पहिल्यांदा त्यानं ताट भिरकावलं तेव्हा ती हादरलीच. नेहमीचीच भाकरी, नेहमीचंच वांग्याचं भरीत. एक घास तोंडात घातला, तिच्याकडे बघितलं आणि ताट अंगणात. कोंबड्या धावल्या. कमल रडायला लागली तर कानांवर हात दाबून तिच्यावर ओरडला. पुढच्या आठवड्यात ज्या बैलाशी तो कानगोष्टी करे त्याच बैलाला त्यानं पराणीनं इतकं मारलं, की छगननं येऊन हात धरला. एके सकाळी पेरणीची पाभर घेऊन शेतात गेला, पण बियाणं घरीच. ते आणायला परत आला आणि ओट्यावरच झोपून गेला. दुपारी उठवलं तर म्हणाला, मी शेतात कधी गेलो होतो?

त्यावर कळस झाला तो छगनच्या सासऱ्याच्या दहाव्याला. चार गावची माणसं बसली होती. कोणीतरी मेलेल्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होतं. रुपचंद मोठ्यानं म्हणाला, "मोठा मनना? त्यानी कोनले कधी घोटभर ताक पाजं नही!" आणि हसला. गोष्ट खरी होती, म्हणूनच ती जास्त झोंबली. छगन मान खाली घालून घरी आला आणि पुढं महिनाभर भावाशी बोलला नाही.

प्रत्येकाला आपापलं कारण सापडलं होतं. सुंदरबाईच्या मते विहिरीवरचं काहीतरी पोराला लागलं होतं. तिनं भगताला बोलावलं, लिंबं उतरवली, धुरी दिली. त्या घुमण्याच्या आवाजानं रुपचंद असा बिथरला, की भगतच पुढचे मंत्र दारात उभा राहून म्हणाला. छगनच्या मते भावाला काम नको झालं होतं. "जखम भरी गयी, आते काय व्हस त्याले?" असं तो म्हणे. गावानं चालताना त्याचा तोल जाताना पाहिला आणि ठरवून टाकलं, की हा प्यायला लागला.

झुंबरचं कारण तिनं कोणालाच सांगितलं नाही. तिला वाटत होतं, आपण त्याला नकोशा झालो. तो तिच्याकडे बघे ते परक्या बाईकडे बघावं तसं. ती मसाला वाढवून बघे, कमी करून बघे, लुगडं बदलून बघे. ताट परत जाईच.

असे सहा-सात महिने गेले.

श्रावणातली दुपार होती. झुंबरनं चुलीवर तुरीची डाळ ठेवली आणि "जरा ध्यान ठेवज्यात," असं नवऱ्याला सांगून ती धुणं घेऊन नदीवर गेली. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच डाळ करपल्याचा वास तिच्या नाकात शिरला. शेजारची बेबाबाई नाकाला पदर लावून दारात उभी होती. "व माय झुंबर, घर पेटाडस का?" झुंबर पळतच आत गेली. भांडं तळापासून काळं झालं होतं. चुलीपासून हातभर अंतरावर, चुलीकडे पाठ करून रुपचंद शांतपणे अंबाडीचा दोर वळत बसला होता.

तिच्या तोंडात शिवीच आली होती. तेवढ्यात तो वळला आणि तिचा चेहरा बघून घाबरून म्हणाला, "काय व्हयनं?"

ती थबकली. हा माणूस ढोंग करत नव्हता. गल्लीच्या टोकाला जो वास येत होता, तो या खोलीत बसून याला आला नव्हता.

तिनं हिंगाची डबी उघडून त्याच्या नाकाशी धरली. "हाई काय शे?"

तो डबीकडे बघायला लागला तशी तिनं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. "देखू नका. वासवरथीन सांगा."

त्याला सांगता येईना. तिनं लसूण चेचून धरला. तोही ओळखेना. मग चिमणीतल्या रॉकेलात चिंधी बुडवून आणली. बाहेर उभ्या असलेल्या बेबाबाईलाही वास गेला, पण रुपचंदनं नुसतं नाक हुंगून मान हलवली. तिच्या हाताखाली त्याचे डोळे ओले झाल्याचं तिला जाणवलं.

"कवयपासून?" तिनं विचारलं.

"पडनू तवयपासून. काहीच वास येत नही. खावाले बसनू का माटी खायासारखं वाटस."

"मंग सांगं काब्र नही?"

त्यानं दोराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली बघत म्हणाला, "माले वाटनं, तूच सैपाक बिघाडी ऱ्हायनी."

झुंबरला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. सहा महिने ती मसाला बदलत होती आणि हा तिच्यावर रुसला होता.

त्या दिवशी राखेनं ते करपलेलं भांडं घासताना तिचं डोकं चालू होतं. नाक पडल्यापासून गेलं. मग राग? तोही पडल्यापासूनच. विसरणं, दुपारची झोप, चालताना तोल जाणं, तोंडाला येईल ते बोलणं, सगळं त्याच दिवसाच्या अलीकडचं. पलीकडचं एकही नाही. सासू म्हणत होती भूत आहे. पण भूत माणसाचं नाक चोरून कशाला नेईल? जेठ छगन म्हणत होता आळस आहे. आळशी माणसाला हिंगाचा वास येत नाही का? शेतात ढेकळावर पाय मुरगळला तर वरून काही दिसत नाही, आत ठणकतच राहतं, त्याला मुका मार म्हणतात. पायाला मुका मार लागतो, तसा डोक्याला का लागू नये? वरची खोक बुजली म्हणून आतलं बरं झालंच, असं कोणी सांगितलं?

तेव्हापासून ती नवऱ्याकडे बघायला लागली, ते एखाद्या दुखणाईताकडे बघावं तसं. आणि मग काय काय दिसायला लागलं! सकाळी उठल्यावर तो जवळजवळ पहिल्यासारखा असे. दिवस वर चढे तसा बिघडत जाई. दोन माणसं एकदम बोलली की त्याच्या कपाळावरची शीर उठे, आणि ती उठली की पुढचं ताट, पुढचा चाबूक ठरलेला. एक काम सांगितलं तर नीट करी, दोन सांगितली तर दोन्ही अर्धवट. "डोकामा गलका व्हस, झुंबर," असं त्यानं एकदा सांगितलं. "बाजारना दिवससारखा. कोनताच आवाज येगळा ऐकू येत नही."

दिवाळीच्या आधी झुंबरचा बाप तोताराम बैलगाडी घेऊन आला. लेकीच्या हालाच्या कहाण्या त्याच्या कानावर गेल्या होत्या. त्यानं ओट्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुना कपडा बांध. पोरले ले. मी तुले आठे ठेवाव नही. काडीमोड करसूत. तुना वय काय गयं का?"

झुंबर उंबऱ्यात उभी राहिली. खरं सांगायचं तर तो विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, एकदा नव्हे, चारदा. एवढ्यात रुपचंद गोठ्यातून बाहेर आला. सासऱ्याला बघून ओळखीचं हसला आणि "आबा, बैलंस्ले पानी पाजू का?" असं विचारून गाडी सोडायला गेला. सकाळची वेळ होती.

"आबा," झुंबर म्हणाली, "तो बिघडेल नही. त्याले मार लागेल शे. पाय मोडता तर तुम्ही माले काडीमोड सांगतात का?"

तिनं त्याला हिंगाची, रॉकेलाची, गलक्याची सगळी हकीकत सांगितली. म्हातारा मिशीवर हात फिरवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "धुळाले सरकारी दवाखानामा एक डॉक्टर शे म्हनतस. लढाईवरथीन येल शे." लेकीला न्यायला आलेली गाडी लेक-जावई दोघांना घेऊन पारोळ्याला गेली आणि तिथून तिघं सर्व्हिस मोटारीत बसून धुळ्याला गेले.

डॉक्टर पन्नाशीचे होते. महायुद्धात बसऱ्याला पलटणीबरोबर होते. त्यांनी रुपचंदच्या डोक्याकडे आधी बघितलंच नाही. झुंबरलाच समोर बसवून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. पडायच्या आधी कसा होता आणि आता कसा आहे?" वर्षभरात हे कोणी विचारलंच नव्हतं. ती बोलायला लागली ती थांबेना. वासाचं ऐकलं तसे ते पुढं सरकले.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डाळ करपली तवा कळलं."

डॉक्टर हसले. मग त्यांनी समजावलं. "तुम्ही मडक्यात दही लावता. मडकं जोरानं हिसडलं तर फुटत नाही, पण आतलं दही मोडतं. याच्या डोक्याचं तसंच झालंय. आमच्या पलटणीत असे शिपाई मी पाहिले. अंगावर ओरखडा नाही आणि माणूस बदललेला. काहींना लोक भित्रे म्हणाले, काहींना वेडे. ते ना भित्रे होते, ना वेडे."

"बरा व्हई का?"

"बराचसा. आणखी एक-दोन वर्षं सुधारत जाईल. नाक बहुधा परत यायचं नाही. दुपारी झोपू द्या. एका वेळी एक काम, एका वेळी एक माणूस. दारूचा थेंब नाही. आणि डोक्याला दुसरा मार लागता कामा नये." मग थांबून ते म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे, म्हणून आणखी एक सांगतो. कोणाच्या डोक्याला मार लागला, माणूस आधी बरा दिसला आणि मग काही तासांनी म्हणा, काही दिवसांनी म्हणा, सुस्तावत गेला, उलट्या झाल्या, एक हात लुळा पडायला लागला, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर घरी ठेवायचं नाही. तो वेळ भगताला द्यायचा नाही. सरळ इथं."

झुंबर उठायला तयार होईना. "औषध?"

"याला औषध नाही. तुम्हीच औषध."

"तसं नाही साहेब. माझ्या सासूला बाटली दाखवावी लागेल."

डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली आणि लाल रंगाचं गोड पाणी भरून द्यायला सांगितलं. झुंबर गुपचूप गूळपाणी घालून ती बाटली भरत राही, म्हणून ती वर्षभर पुरली. सुंदरबाई स्वतःच्या हातानं रोज चमचाभर देई आणि पोरगा सुधारतो आहे याचं श्रेय बाटलीला देई. झुंबरनं तो गैरसमज कधीच दूर केला नाही. बाटलीमुळं भगत बंद झाला, तेवढं तिला पुरे होतं.

सुधारणा झाली, पण सरळ रेघेत नाही. चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी असा काही तडाखा बसे, की झुंबरला वाटे, सगळं फुकट गेलं. तिनं घरात नियम केला. रुपचंदशी कोणी बोलत असेल तर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. सुंदरबाईला हा नियम पाळणं म्हणजे उपासापेक्षा कठीण होतं. कमल मात्र लगेच शिकली. बापाच्या कपाळावरची शीर दिसली की ती बाहुलं उचलून अंगणात जाई.

छगन तेवढा वळत नव्हता. तो वळला पोळ्याच्या दिवशी. बैल सजले, वेशीत ढोल वाजायला लागले आणि रुपचंद नाहीसा झाला. सगळे शोधायला निघाले. छगनला तो सापडला नदीच्या पात्रात, बाभळीखाली, दोन्ही हात कानांवर गच्च दाबून बसलेला. ढोलाचा प्रत्येक ठोका ऐकू आला की त्याचं अख्खं अंग दचकत होतं. छगन चिडूनच आला होता. पण भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याच्या मनात काय झालं कोण जाणे. तो शेजारी बसला. ढोल थांबेपर्यंत दोघं तिथंच होते. घरी आल्यावर जेठानं झुंबरशी कधी नव्हे ते थेट बोलणं केलं. ती पदर सावरून आत वळणार, तोच तो भिंतीकडे बघत म्हणाला, "माले वाटे, ढोंग करस."

त्यानंतर रुपचंदला शेतात कोणतं काम द्यायचं हे छगनच ठरवायला लागला. निंदणी, दोर वळणं, बांध घालणं, अशी एका लयीत चालणारी कामं. तिसऱ्या वर्षी रुपचंद परत मोटेवर गेला. नाड्यावर मात्र बसला नाही. झुंबरनं शपथ घातली होती.

रुपचंद पडला त्याला सात-आठ वर्षं झाली. सन चौतीसच्या कापूसवेचणीला दरसालप्रमाणे पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातून मजूर उतरले. त्यांत बिजला आणि त्याची बायको रुपली ही भिल्ल जोडी होती. दोघंही कामाला वाघ. छगनच्या शेतात वेचणी चालली असताना बिजला शेळ्यांसाठी कडुलिंबाचा पाला तोडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. उठला, डोकं चोळलं, हसला आणि पुन्हा कामाला लागला. दहा-बारा दिवस काहीच नाही. मग तो उशिरा यायला लागला. ओळीत वाकडा चालायचा. वेचलेला कापूस ओटीतून सांडायचा. मुकादमानं एकदा दटावलं, दोनदा दटावलं. तिसऱ्या दिवशी बिजला भर उन्हात बांधाला टेकून झोपला तेव्हा मुकादम ओरडला, "सकाळीच ढोसून येस! उचल तुना गाठोडं!" रुपली हात जोडून सांगत होती, तो प्यायला नाही. कोणी ऐकत नव्हतं. भिल्ल म्हटला म्हणजे प्यालेलाच असणार, हे लोकांनी आधीच ठरवून टाकलेलं होतं.

रुपचंद शेजारच्या वाफ्यात झुंबरबरोबर निंदत होता. तो खुरपं टाकून आला, बिजलासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. बिजलानं उन्हाकडून तोंड फिरवलं, मुकादमाच्या आवाजानं डोळे गच्च मिटले. रुपचंद उठला आणि झुंबरला म्हणाला, "हाऊ पेयेल नही. हाऊ मनासारखा शे, मार लागेल."

झुंबर धावली. बिजलाच्या तोंडाशी वाकून तिनं वास घेतला. ते काम घरात आता तिचंच होतं. दारूचा मागमूस नव्हता. "कधी पडना का तो?" तिनं रुपलीला विचारलं. रुपलीनं लिंबाकडे बोट दाखवलं. सकाळपासून दोनदा ओकला, असंही सांगितलं. झुंबरनं त्याचा उजवा हात उचलून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा पडला. मग तिनं अंगठ्यानं एक पापणी वर केली, मग दुसरी. एका डोळ्यातली बाहुली उडदाएवढी. दुसऱ्यातली काळीभोर, बोराच्या बीएवढी.

"गाडी जुंपा," ती जेठाकडे बघून म्हणाली. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो सावरायचंही तिला भान नव्हतं. छगननं एक शब्द न विचारता बैल जुंपले.

पारोळ्याच्या नाक्यावर धुळ्याची मोटार सुटण्याच्या बेतात होती. ड्रायव्हरनं बिजलाकडे बघितलं आणि मान हलवली. "दारुड्याला घेणार नाही. गाडी घाण करेल."

"तो प्यालेला नाही, आजारी आहे," झुंबर म्हणाली.

"सगळे असंच सांगतात."

त्यावर रुपचंदनं एक गोष्ट केली. तो मोटारीच्या पुढं गेला आणि रस्त्यात मांडी घालून बसला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. भोंग्यासरशी रुपचंदच्या कपाळावरची शीर उठली. झुंबरला ती लांबूनही दिसली. तिला वाटलं, आता हा उठून काच फोडणार. पण त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. आतले उतारू कुरकुरायला लागले. नाक्यावरच्या कोणीतरी ड्रायव्हरला सांगितलं, हा सावखेड्याचा रुपचंद, डोक्यानं जरा तसा आहे, तो संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. ड्रायव्हरनं शिव्या घालत मागचं बाक मोकळं करून दिलं.

दवाखान्यात जुने डॉक्टर नव्हते. त्यांची बदली झाली होती. नवा तरुण डॉक्टर लांबूनच म्हणाला, "किती प्यायलाय?"

"साहेब, तोंडाचा वास घ्या," झुंबर म्हणाली. "आणि मग डोळ्यांच्या बाहुल्या बघा. एक मोठी झालीय. पंधरा दिवसांपूर्वी झाडावरून पडला. उजवा हात गेलाय."

तरुण डॉक्टरनं तिच्याकडे चमकून बघितलं. पापण्या उचलल्या आणि पुढचं काही न विचारता तो मोठ्या सर्जनला बोलवायला जवळजवळ पळतच गेला.

कवटीला छोटंसं भोक पाडून आत साचलेलं काळं रक्त त्यांनी बाहेर काढलं. रुपली व्हरांड्यात गुडघ्यांत मान घालून बसली होती. झुंबर तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "वेळेवर आणलं. याची बाहुली कोणी पाहिली?" तरुण डॉक्टरनं बोट दाखवलं. सर्जननी लुगड्याला शेतातली माती लागलेल्या त्या बाईकडे बघितलं आणि टोपी किंचित उचलली. त्याचा अर्थ झुंबरला कळला नाही. तिनं आपला नमस्कार केला.

बिजला तीन आठवड्यांनी चालत बाहेर आला. उजव्या हाताची मूठ पहिल्यासारखी वळायला वर्ष गेलं. पण पुढच्या वेचणीला तो आला आणि शेताच्या बांधावर झुंबरपुढं मोहाच्या वाळल्या फुलांची टोपली ठेवून रुपलीला म्हणाला, "ती बाई हीच का? मला काहीच आठवत नाही." सगळे हसले. मुकादमही हसला, पण जरा उशिरानं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं झुंबरकडे यायला लागली. कोणाचा मुलगा बैलगाडीतून पडल्यापासून मुका झालेला, कोणाची सून अचानक अंगात आल्यासारखी करणारी. ती औषध देत नसे. तिच्याकडे नव्हतंच. ती आधी एकच विचारी, "कधी पडना का? डोकाले लागनं का?" एकदा वरणगावकडून आणलेल्या सुनेच्या बाबतीत तिनं हाच प्रश्न विचारला आणि सोबतची सासू जमिनीकडे बघायला लागली. झुंबर समजायचं ते समजली. "कोनी मारं?" असं तिनं दुसऱ्यांदा विचारलं. ती पोर दोन महिने झुंबरच्याच घरी राहिली. डोकं दुखायचं थांबलं, हसायला लागली, तेव्हा तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. तिच्या सासरच्यांना झुंबरनं ओट्यावरही चढू दिलं नाही.

सत्तेचाळीस साल उजाडलं तेव्हा कमलची स्वतःची पोरं अंगणात खेळत होती. रुपचंदचे केस पांढरे झाले होते. दुपारची झोप तशीच होती, दोन कामं एकदम अजूनही जमत नव्हती. अमळनेरकडचा एक बाप आपल्या तरण्या पोराला घेऊन आला होता. पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. बापानं रुपचंदला हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही पुरा बरा व्हयनात का?"

रुपचंदनं थोडा वेळ विचार केला. त्याला उत्तर द्यायला नेहमीच वेळ लागे, आणि त्या घरात आता कोणी घाई करत नसे.

"पहिलाना रुपचंद तठेच विहिरवर ऱ्हायना, भाऊ," तो म्हणाला. "मी दुसरा शे. मनी बायकोले दोन नवरा व्हयनात."

"दोन्ही बरा निघनात," झुंबर आतून म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्या पोराच्या बाजूला, त्याच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही अशी, खाली बसली.